यांजकडून सप्रेम दुर्बीण

विद्यार्थ्यांच्या निधीतून घेतलेल्या दुर्बिणीवर मी भांड्यांवर नावं टाकणाऱ्या माणसाकडून माझं स्वतःचं नाव कोरून घेतलं.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच प्रकारे सजवून पाहिलं. 'तेव्हा परिस्थितीच तशी होती' असं म्हणून पाहिलं, 'मंडळाच्या भल्यासाठी' असंही म्हणून पाहिलं. पण ऐकणारा मधेच थांबवतो आणि विचारतो, "ते सगळं ठीक आहे, पण स्वतःचं?" म्हणून आता आधीच सांगून मोकळा होतो. हो, स्वतःचं. मधे वडिलांचं नाव, शेवटी आडनाव. एकही वेलांटी न चुकता.

मी धुळ्याचा. बी.एस्सी.ला जळगावला होतो, होस्टेलवर. धुळ्यात कॉलेजं संपली का, असं जळगावची मुलं विचारायची आणि जळगावला असं काय सोनं लागलंय, असं धुळ्याची. दोघांनाही उत्तर न देता मी तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलो आणि कॉलेजच्या आकाश मंडळाचा अध्यक्ष झालो. अध्यक्ष व्हायला आकाशातलं काही यावं लागत नव्हतं. निवडीच्या बैठकीला वेळेवर हजर असलेला मी एकटाच होतो, आणि तोही त्या खोलीतला पंखा चालू होता म्हणून.

मंडळाचं काम करायची ती सेक्रेटरी. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली मुलगी, माझ्याच वर्गातली. विद्यार्थी कल्याण निधीतून मंडळाला दुर्बीण मिळावी म्हणून तिनं वर्षभर अर्ज लिहिले. प्रत्येक अर्जाखाली अध्यक्ष म्हणून माझी सही. सही मला चांगली जमते. त्या दुर्बिणीत माझा वाटा विचाराल तर तेवढाच.

तिचा मात्र त्या दुर्बिणीत जीव अडकला होता. तिला ती एकदा आपल्या गावी न्यायची होती, ज्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली त्या शाळेच्या अंगणात लावायची होती. तिच्या आजोबांना, म्हणजे आबांना, तिनं हे पहिल्या वर्षालाच सांगून ठेवलेलं. आणि आबांनी ते गावाला सांगून ठेवलेलं. पोरीला जळगावला शिकायला ठेवून काय मिळालं, असं पारावर कुणी म्हटलं की आबा म्हणायचे, थांबा, ती चंद्र घेऊन येणार आहे. हे ते तीन वर्षं म्हणत होते. आता गावानं वेगळाच उद्योग सुरू केला होता. आबा दिसले की विचारायचं, "काय आबा, चंद्र कुठवर आला? पारोळ्यापर्यंत तरी?" आबा हल्ली पारावर जायचेच बंद झाले होते.

तर दुर्बीण आली. सहा इंची आरशाची, काळी, जाडजूड पत्र्याची नळी. गेटवरच्या वॉचमननं खोकं बघून विचारलं, होस्टेलला गीझर आला का. आम्ही नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, आणि आमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या होस्टेलच्या पोरांचाही.

त्याच दिवशी आमच्या डिपार्टमेंटच्या सरांनी बैठक बोलावली. सर म्हणजे देवमाणूस, पण पोळलेले. काही वर्षांपूर्वी ट्रेकिंगवाल्या पोरांनी अशाच निधीतून एक तंबू घेतला होता. पोरं पास होऊन गेली, त्यांच्याबरोबर तंबूही पास होऊन गेला. पुढे सर एका माजी विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाला गेले, तर मांडवामागे आचाऱ्याच्या कढया त्याच तंबूखाली चढलेल्या. सरांनी तंबू लगेच ओळखला. पण तोंडात जिलबी होती, त्यामुळे बोलता आलं नाही.

"वस्तू कॉलेजची," सर म्हणाले. "सोमवारी घेऊन या. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होईल, पांढऱ्या रंगानं नंबर पडेल आणि कपाटात जाईल."

"आणि बाहेर कधी येईल, सर?" सेक्रेटरीनं विचारलं.

"मागणी केली की."

ते कपाट आम्हाला माहीत होतं. त्यातून मागणी न करता बाहेर येणारी झुरळं मी पाहिली होती, मागणी करून बाहेर आलेलं काही पाहिलं नव्हतं.

"पण सर, पैसे विद्यार्थ्यांचे आहेत. आमच्या फीमधूनच कापलेत."

"कुठल्या विद्यार्थ्यांचे? तू एप्रिलमध्ये परीक्षा देणार आणि जाणार. जूनला दुसरे येणार. मग दुर्बीण कुणाची, गेलेल्यांची की आलेल्यांची?"

"मंडळाची."

"मंडळ म्हणजे कोण?"

"मी," मी म्हणालो.

प्रश्न मला विचारलेलाच नव्हता. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग सेक्रेटरीकडे बघितलं, आणि बैठक संपली.

बाहेर व्हरांड्यात सेक्रेटरी म्हणाली, "ऐक अध्यक्ष. आज शनिवार आहे. सोमवारच्या आत हिच्यावर मंडळाचं नाव टाकून आण. कोरलेलं. एकदा मंडळाचं नाव कोरलं की निदान बोलायला जागा राहते. एवढं एकच काम कर."

आमच्याकडे वस्तू कुणाची हे ठरवायची एकच खात्रीची पद्धत आहे, तिच्यावर नाव टाकणं. लग्नात आलेल्या हंड्यापासून चहाच्या गाळणीपर्यंत प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असतं. शेजारी डबा गेला तर परत येतो तो नावामुळे. त्यामुळे दुर्बिणीवर नाव टाकायला कुठं जायचं हा प्रश्न आम्हाला दोघांनाही पडला नाही. मी नळी जुन्या चादरीत गुंडाळली, रिक्षात आडवी घातली आणि भांडेबाजारात गेलो.

तिथं एका मारवाडी शेटजींच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक चाचा बसायचे. पुढ्यात नावं टाकायचं छोटं मशीन, डोळ्यांवर जाड चष्मा. चाचांनी चादर बाजूला केली.

"ये क्या है बेटा? टाकी?"

"दुर्बीण आहे, चाचा."

"पत्रा है ना? फिर चलेगा. बोल, नाव काय टाकू?"

इथं माझ्या डोक्यानं काम करायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच अडचणींची सुरुवात अशीच झालेली आहे. मी विचार केला, 'आकाश मंडळ' असं टाकलं तर सर म्हणणार, मंडळ कॉलेजचं, म्हणजे दुर्बीणही कॉलेजची. कॉलेजचं नाव टाकलं तर प्रश्नच मिटला. पण एखाद्या माणसाचं नाव असेल तर? खासगी माणसाची वस्तू कॉलेज रजिस्टरला कशी घेणार? कुणाची सायकल स्टँडवर उभी असते म्हणून ती काही कॉलेजची होत नाही. वा! मला माझंच कौतुक वाटलं. मग माणूस कोण, एवढंच उरलं. सेक्रेटरीचं नाव टाकता आलं असतं. खरं म्हणजे तेच टाकायला हवं होतं. पण चाचांनी मशीन सुरू केलं होतं, सुई टर्रर्र करत होती, आणि काळ्या नळीवर पांढरी अक्षरं कशी उठून दिसतील याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. त्या चित्रात नाव माझं होतं.

मी सांगितलं. अक्षर न् अक्षर सांगितलं.

"किसके लिए है?" चाचांनी विचारलं.

"कॉलेजसाठी," मी म्हणालो आणि समोरच्या गाड्यावर सोडा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा काम झालेलं होतं. चाचांचं अक्षर मोत्यासारखं. माझं पूर्ण नाव, त्याखाली 'यांजकडून', त्याखाली 'सप्रेम भेट' आणि त्याखाली त्या दिवशीची तारीख. दोन्ही बाजूंना एकेक फूल.

"चाचा, हे 'सप्रेम भेट' कशाला?"

"तूच बोलला ना, कॉलेजके लिए है? दुसऱ्याला द्यायची चीज असली की हे लिहावंच लागतं. तीस साल से लिखता हूं. फूल मैंने अपनी तरफ से डाले."

"पुसता येईल का?"

चाचांनी चष्मा वर केला. "बेटा, पुसता आलं असतं तर लोकांनी माझ्याकडं कशाला आणलं असतं?"

रविवारी सेक्रेटरीनं दुर्बीण पाहिली. तिनं फक्त खालून वरपर्यंत वाचलं, मग वरून खालपर्यंत वाचलं आणि दोन्ही फुलांवरून बोट फिरवलं. नंतर तिनं नळीत डोळा घातला तर आतला आरसा मशीनच्या थरथरीनं जागचा हललेला. समोरच्या पाण्याच्या टाकीला शेपूट फुटलेलं दिसत होतं. तो आरसा पुन्हा सरळ करण्यात तिचा अख्खा रविवार गेला. मी शेजारी बसून स्क्रू हातात धरत होतो. एक माझ्या हातून पडला. तोही तिनंच शोधला.

"सोमवारी सरांना खरं सांग," एवढंच ती जाताना म्हणाली.

सोमवारी मी खरंच सांगणार होतो. पण सरांनी आधी नाव वाचलं. वाचलं आणि त्यांचा आवाजच बदलला.

"अरे," ते म्हणाले, "तू हे बोलला नाहीस कधी. तरीच परवा 'मंडळ म्हणजे मी' म्हणालास, निधीचं नुसतं नाव आणि पैसे तुझे!"

"सर, ते काय झालं..."

"काही बोलू नकोस." सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा. ह्याचे वडील धुळ्यात साधी नोकरी करतात. आणि हा मुलगा कॉलेजला दुर्बीण भेट देतो. नाहीतर तुम्ही! प्रॅक्टिकलच्या टेस्ट ट्यूबा घरी नेता."

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मला मान्य आहे. पण सर इतकं चांगलं बोलत होते की मीही ऐकतच राहिलो. आपण एवढे उदार आहोत हे मलाही तेव्हाच कळत होतं. मागच्या बाकावरून सेक्रेटरी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

शुक्रवारी कॉलेजच्या कार्यक्रमात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. टाळ्या वाजल्या. आमच्या मंडळातल्या पोरांनी जरा जास्तच वाजवल्या, बंदच करेनात. आणि अशी मौल्यवान भेट कुणी हरवू नये म्हणून सरांनी दुर्बीण स्वतःच्या देखरेखीखाली कपाटात ठेवली. कुलूप लावलं. वर दुसरं लावलं.

"छान," सेक्रेटरी म्हणाली. "निधीची होती तेव्हा एक कुलूप लागणार होतं. तू दान दिल्यावर दोन लागली."

तिचं गावाकडचं ठरलेलं होतं. येणारा नाही, त्याच्या पुढचा शनिवार. त्या दिवशी अष्टमी होती आणि अर्ध्या चंद्रावरचे खड्डे सगळ्यात चांगले दिसतात. शाळेच्या हेडमास्तरांना निरोप गेला होता. आबांनी कितीतरी दिवसांनी पुन्हा पारावर जाऊन तारीख सांगितली होती. आता दुर्बीण गेली नाही तर आबांना उरलेलं आयुष्य घरात बसूनच काढावं लागलं असतं, असं ती म्हणाली. ती हसत म्हणाली नाही.

शनिवार-रविवारी मी तोंड लपवायला धुळ्याला घरी गेलो. आईनं शाल पाहिली, हात लावून पाहिली, चांगली आहे म्हणाली आणि कपाटात ठेवली. मी सोमवारी परत आलो आणि ऑफिसातून बोलावणं आलं.

ऑफिसात एक मोठे कारकून होते. त्यांना सगळं कॉलेज नाना म्हणायचं. नानांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले.

"ये, दानशूर," नाना म्हणाले. "बस. हे बघ. हे बिल. विद्यार्थी निधीतून एक दुर्बीण घेतली, आकाश मंडळाच्या नावानं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि हे सरांचं पत्र. एक दुर्बीण भेट मिळाली, तुझ्याकडून. बरोबर?"

मी पत्राखालची सरांची सही बघत बसलो.

"एक घेतलेली, एक मिळालेली. झाल्या दोन. कपाटात मी मोजली, एक आहे. दुसरी कुठंय?"

"नाना, ती एकच आहे."

"कपाटातली एकच आहे, ते मलाही दिसतं. मी दुसरीचं विचारतोय."

"दुसरी नाहीच आहे."

"मग गेली कुठं?"

जी नाहीच ती कुठे गेली याचं उत्तर मी अर्धा तास वेगवेगळ्या प्रकारे देत होतो. नानांनी एकही मान्य केलं नाही. शेवटी ते म्हणाले, "हे बघ बाबा, दुसरी हजर होईपर्यंत पहिली कपाटातून हलणार नाही. मी तसा शेरा मारतोय." आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "नाना, थांबा." सेक्रेटरी दारात उभी होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही. ती मला म्हणाली, "चल सरांकडे. आत्ता." तिनं माझा हात धरला नाही, पण मी ज्या वेगानं तिच्यामागे गेलो त्यावरून बघणाऱ्याला तसंच वाटलं असेल. नानाही दोन्ही कागद घेऊन आले. त्यांना दुसरी दुर्बीण सापडण्याची अजून आशा असावी.

सरांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं. चाचा, सोडा, दोन्ही फुलं, काहीही न लपवता. सर ऐकत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं.

"मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं रे," ते म्हणाले. "घरीसुद्धा सांगितलं."

"सॉरी, सर."

"शाल परत आण."

मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "ती होय? अरे, भडगावच्या मामांचा काल रिटायरमेंटचा कार्यक्रम होता ना, तुझ्या बाबांनी त्यांना तीच घातली. काय शोभून दिसली म्हणून सांगू!"

मी सरांना सांगितलं, शाल भडगावला गेली.

"आणि नारळ?"

"त्याची चटणी झाली, सर."

"म्हणजे दुर्बिणी दोन आणि शाल शून्य," नानांनी हिशेब सांगितला.

सरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "ठीक आहे. भेट रद्द. पण मग दुर्बीण कॉलेजचीच. कपाटातच राहील. तुम्हा पोरांच्या हातात वस्तू दिली की काय होतं ते मी जेवता जेवता पाहिलंय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सेक्रेटरीनं माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मी ते मिटलं.

"सर, एक विचारू? त्या कपाटात खालच्या खणात हार्मोनियम आहे. गाण्याच्या मंडळानं घेतलेली. ती कुणाची?"

"कॉलेजची. नंबर आहे तिच्यावर."

"तुम्ही शेवटची उघडून कधी पाहिलीत?"

सर नानांकडे बघायला लागले. नाना खाली बघायला लागले. त्या रविवारी आरसा सरळ करायला पेचकस लागला तेव्हा सेक्रेटरीनं शिपायाकडून ते कपाट उघडून घेतलं होतं, आणि तेव्हा तिनं हार्मोनियम पाहिली होती.

"तिच्यात उंदरांची पिल्लं आहेत, सर. पाच. भाता खाऊन त्यांनी मस्त गादी केलीय. म्हणजे तंबू पोरांना दिला तर तो आचाऱ्याचा झाला, हे खरं आहे. पण हार्मोनियम कपाटाला दिली तर ती उंदरांची झाली. आचाऱ्यानं निदान तंबू वापरला तरी."

सरांना हसू आवरेना. नानाही हसले, पण लगेच म्हणाले, "उंदरांची नोंद माझ्याकडे नाही हं."

मग पुढचा तासभर त्या तिघांनी ठरवलं. मी तिथंच होतो, पण माझं मत कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. नोंद कॉलेजच्या रजिस्टरला व्हायची, म्हणजे ती कुणाच्या घरी जाणार नाही. पण मालक म्हणून नाव आकाश मंडळाचं लिहायचं. किल्ली त्या त्या वर्षीच्या सेक्रेटरीकडे, आणि वर्ष संपताना जुन्या सेक्रेटरीनं नव्या सेक्रेटरीला दुर्बीण चंद्रावर लावून दाखवायची. ती लागली तरच किल्ली द्यायची. ही शेवटची अट सरांनी घातली आणि सेक्रेटरीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"अध्यक्षाकडे काय?" मी विचारलं.

"अध्यक्षाकडे काहीच नाही," नाना म्हणाले आणि तसं लिहिलंसुद्धा.

कोरलेलं माझं नाव तसंच राहिलं. त्यावर सेक्रेटरीनं काळी चिकटपट्टी लावली.

शनिवारी दुपारी आम्ही जळगावहून सुरतकडच्या पॅसेंजरनं निघालो. तिच्या मांडीवर बाळासारखी नळी, माझ्या खांद्यावर स्टँड आणि त्याची लोखंडी वजनं. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ नळीकडे बघून विचारलं, "काय शे हाई? तोफ शे का? भुसावळथून आनी का?" भुसावळला दारूगोळ्याचा कारखाना असल्यामुळे त्याची शंका अगदीच चुकीची नव्हती. दुर्बीण आहे म्हटल्यावर तो निराश होऊन झोपला.

गावात पोचलो तेव्हा शाळेच्या अंगणात सतरंज्या घातलेल्या होत्या आणि अख्खं गाव हजर होतं. आबा पहिल्या खुर्चीत, धुतलेलं धोतर, टोपी. ज्यांनी टिंगल केली होती ते सगळे पाठीमागे उभे, हाताची घडी घालून. म्हणजे चंद्र निघाला नाही तर लगेच बोलायला मोकळे.

दिवेलागण होत होती. आम्ही स्टँड जोडत होतो तेवढ्यात हेडमास्तर कौतुकानं नळीजवळ आले. रस्त्याच्या धुळीनं आणि घामानं चिकटपट्टी सुटून लोंबत होती. त्यांनी ती नीट बाजूला केली, चष्मा लावला, माझं नाव वाचलं, तारीख वाचली आणि गंभीर झाले. गावाकडे एखाद्या बाकावर, पाणपोईवर किंवा मंदिरातल्या पंख्यावर पूर्ण नाव आणि खाली तारीख असली तर तो माणूस बहुधा गेलेला असतो. हेडमास्तरांनी माईक घेतला.

"ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरच्यांनी ही दुर्बीण आपल्या मुलांसाठी दिली त्या दिवंगत आत्म्याला," इथं त्यांनी माझं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, "आपण एक मिनिट स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळं गाव उभं राहिलं. मीही उभाच होतो. काय करायचं ते न सुचून मीही मान खाली घातली. मिनिट मोठं असतं हो. अर्ध्यात मी हळूच सेक्रेटरीकडे बघितलं. ती मान खाली घालून, ओठ दाबून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते. गावातल्या दोन बायांना वाटलं, रडतेय. त्या जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. तिनं हेडमास्तरांना थांबवलं नाही. मिनिट संपल्यावरही काही सांगितलं नाही. मला वाटतं, शालीचा हिशेब तिनं तिथं पुरा केला.

मग तिनं नळी वळवली, चंद्र धरला, एक स्क्रू इकडे, एक तिकडे, आणि आबांना हाक मारली.

आबा स्टुलावर बसले. डोळा लावला. मागं उभे असलेले लोक हळूहळू पुढं सरकायला लागले. त्यातला एक म्हणाला, "काय आबा, आला का?"

आबांनी डोळा न काढता नुसता हात मागं करून त्याला थोपवलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खड्डा शेतस. आपला रस्तासारखा."

मग रांग लागली. ज्यांनी पारोळ्यापर्यंत आला का असं विचारलं होतं ते दोन दोनदा रांगेत उभे राहिले. आबा रांगेशेजारी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, जास्त वेळ लावू नका, मागं माणसं आहेत.

चंद्र झाल्यावर मी उत्साहानं जाहीर केलं की आता शनी दाखवणार. रांग एकदम मोडली. शनिवारचा दिवस, आणि त्यात आपण होऊन शनीच्या नजरेत जायचं कुणाला? एक बाई पोराला ओढत घरीच घेऊन गेली. सगळा कार्यक्रम मी एका वाक्यात संपवला होता. पण आबा पुन्हा स्टुलाकडे निघाले.

"माले दखाड," ते नातीला म्हणाले. "साडेसात साल तरास दिन्हा त्यानी माले. आज मी दखस त्याले."

आबांनी शनी बघितला. कडं बघितलं. काही झालं नाही. मग सगळे परत आले आणि मोडलेली रांग पहिल्यापेक्षा लांब झाली.

सगळं उरकल्यावर सेक्रेटरीनं नळीला चादर गुंडाळली. मी वजनं काढून स्टँड खांद्यावर घेतला आणि काहीतरी दोन शब्द कौतुकाचे मिळतील म्हणून आबांच्या समोर जरा रेंगाळलो. आबांनी नळीवर हात ठेवून नातीला विचारलं, "बेटा, कोणी शे हाई?"

"आम्हनी बठ्ठासनी, आबा," ती म्हणाली. आमची, सगळ्यांची.

आबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बोट केलं. "आनि हाऊ कोन शे?"

"हाऊ?" तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. "हाऊ स्टँड उचलाले येल शे."